तिरंग्याची गोष्ट घरात कशी वाचायची? तिचा एक मोठा अध्याय वरठीपासून साठेक किलोमीटरवर घडलाय

२०२२ पासून ‘हर घर तिरंगा’ मोहिमेमुळे दर ऑगस्टमध्ये घराघरांवर झेंडा लागतो. झेंडा आणला जातो, फोटो काढला जातो, स्टेटस बदलतं. पण सहावीतल्या पोराने विचारलं की ‘हा झेंडा कोणी बनवला? कधी बनवला? आधी कुठला होता?’, तर उत्तरासाठी बहुतेक घरांत व्हॉट्सअॅप उघडलं जातं. आणि तिथे जे मिळतं, त्यातलं अर्धं खरं असतं आणि अर्धं कोणीतरी रचलेलं.

अमेरिकेत याबाबतीत चित्र वेगळं आहे. तिथे १४ जून हा ध्वजदिन असतो आणि झेंड्यावर मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांनी एक कपाट सहज भरेल. आईबाबांनी मुलांना मांडीवर घेऊन वाचायची चित्रपुस्तकं, तेरा पट्टे आणि पन्नास तारे मोजायला लावणारी पुस्तकं, सगळं काही. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही शाळेतून ही गोष्ट आयतीच मिळते.

आपल्याकडे असं तयार कपाट नाही. मग काय वाचायचं? भंडारा जिल्ह्यातल्या वरठीसारख्या गावातल्या घरासाठी या प्रश्नाचं उत्तर बरंच सोपं आहे. कारण तिरंग्याच्या इतिहासातला सगळ्यात नाट्यमय भाग नागपुरात घडलाय, आणि वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून नागपूर रेल्वेने साठेक किलोमीटर आहे. सुरुवात दिल्लीपासून कशाला करायची? इथूनच करू.

झेंडा घेऊन रस्त्यावर चाललात, की तुरुंग

१९२३ साल. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं आणि भंडारा त्याच प्रांतातला एक जिल्हा. तेव्हाचा झेंडा आजच्यासारखा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा. लोक त्याला ‘स्वराज्याचा झेंडा’ म्हणायचे.

ठिणगी पडली जबलपुरात. मार्च १९२३ मध्ये तिथे नगरपालिकेच्या इमारतीवर हा झेंडा लावण्यावरून सरकार आणि काँग्रेसचे कार्यकर्ते समोरासमोर आले. मिरवणूक निघाली, पंडित सुंदरलाल यांना अटक झाली. मग १३ एप्रिलला, म्हणजे जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंडे घेऊन निघालेली मिरवणूक पोलिसांनी सिव्हिल लाइन्सकडे जाताना अडवली आणि लोकांना मारहाण झाली.

सिव्हिल लाइन्स म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांची वस्ती. सरकारचं म्हणणं सरळ होतं. शहरात काय करायचं ते करा, पण हा झेंडा आमच्या बंगल्यांसमोरून न्यायचा नाही. त्यासाठी कलम १४४ लावण्यात आलं.

उत्तर म्हणून १ मे १९२३ ला सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व होतं वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांचं. हो, ज्यांच्या नावाची स्कूटर एकेकाळी प्रत्येक दुसऱ्या घरासमोर उभी असायची, त्याच बजाज घराण्याचे हे संस्थापक. पद्धत अगदी साधी होती. रोज स्वयंसेवकांची एक छोटी तुकडी झेंडा हातात घेऊन सिव्हिल लाइन्सच्या दिशेने चालायला लागायची. ठरलेल्या हद्दीवर पोलीस अडवायचे, अटक व्हायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. हात उचलायचा नाही, पळायचं नाही, माफी मागायची नाही.

मुलांना ही गोष्ट सांगताना इथे थोडं थांबावं. एक कापड घेऊन रस्त्याने चालणं, एवढाच ‘गुन्हा’ होता. त्यासाठी सक्तमजुरी होत होती. आज पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत मुलं जे सहज करतात, ते करण्यासाठी साडेतीन महिन्यांत दीड हजारांहून जास्त माणसं आत गेली.

१७ जूनला बजाज यांना अटक झाली. त्यांना कैदेसोबत दंडही ठोठावला गेला आणि तो वसूल करायला त्यांची मोटार जप्त झाली. त्या मोटारीचा एक किस्सा कायम सांगितला जातो. नागपुरात लिलावात तिला कोणी बोलीच लावेना, शेवटी विकायला ती काठियावाडात न्यावी लागली. दहा वर्षांच्या मुलाला तारखा लक्षात राहणार नाहीत, पण ही मोटार नक्की राहील.

याच सत्याग्रहात विनोबा भावे पकडले गेले. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस होतं आणि भूदान अजून खूप दूर होतं. ‘झाँसी की रानी’ ही कविता लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान जबलपूरहून आल्या आणि नागपुरात अटक झालेल्या पहिल्या महिला सत्याग्रही म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वय जेमतेम अठरा. हुबळीहून डॉ. ना. सु. हर्डीकर यांची माणसं आली होती. कितीही त्रास दिला तरी माफीनामा लिहून न देणारे म्हणून त्यांचं नाव झालं आणि त्यातूनच पुढे हिंदुस्थानी सेवा दल उभं राहिलं. आज राष्ट्रध्वज बनवणारी खादी संस्था त्याच हुबळीत आहे, हा निव्वळ योगायोग, पण छान योगायोग.

बजाज आत गेल्यावर वल्लभभाई पटेल नागपुरात आले. तेव्हा ते अजून ‘सरदार’ झाले नव्हते, बार्डोली पाच वर्षं पुढे होती. त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू विठ्ठलभाई यांनी सरकारशी बोलणी केली. १८ ऑगस्ट १९२३ ला झेंडे घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि पोलिसांनी ती अडवली नाही. त्यानंतर कैदी सुटले.

जिंकलं कोण? सरकार म्हणत राहिलं की त्यांनी परवानगी मागितली म्हणून आम्ही दिली. पटेल म्हणाले, आम्ही परवानगी मागितलीच नाही. आठवी-नववीतल्या मुलांसोबत वाचत असाल तर हा वाद गाळू नका. एकाच घटनेच्या दोन बाजू कशा लिहिल्या जातात, ते यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही धड्यातून कळत नाही.

नागपूरनंतर काय वाचायचं?

१९४२ कडे यावं. महाराष्ट्रात ९ सप्टेंबर १९४२ या एकाच तारखेला दोन ठिकाणी झेंडा घेतलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. एक नंदुरबार. तिथे शाळकरी मुलांच्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा झेंडा हातात असताना मारला गेला. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. दुसरं ठिकाण साताऱ्यातलं वडूज. तिथे कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्च्याच्या पुढे परशुराम घार्गे होते. तेही परतले नाहीत.

विदर्भात चिमूर आणि आष्टी ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरमध्येही १९४२ च्या आंदोलनात गोळीबार झाला होता. वरठीहून तुमसर म्हणजे शेजारच. तिथलं हुतात्मा स्मारक मुलांना दाखवून आणणं हेही एक प्रकारचं वाचनच. पाटीवरची नावं मोठ्याने वाचायला लावा.

लहान मुलांना गोळीबाराच्या गोष्टी सांगाव्यात का, असं काही पालकांना वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला नकोत. त्याला मोटारीची गोष्ट पुरे. पण शिरीषकुमारच्या वयाच्या मुलांना ही गोष्ट झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पुस्तकांची नावं हवीत?

झेंड्यावरचं आपल्याकडचं एक जुनं पुस्तक १९१६ मधलं आहे. मछलीपट्टणमच्या पिंगली वेंकय्या यांनी ते लिहिलं. भारताचा झेंडा कसा असावा यासाठी त्यांनी त्यात तीस आराखडे दिले होते. मुलांना एवढंच सांगा आणि कागद-रंग पुढे ठेवा. ‘तू असतास तर कसा काढला असतास?’ अर्धा रविवार आरामात जातो.

आज वाचायचं तर सुभद्रा सेन गुप्ता यांचं ‘अ फ्लॅग, अ साँग अँड अ पिंच ऑफ सॉल्ट’ हे मुलांसाठीचं इंग्रजी पुस्तक चांगलं आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांची छोटी-छोटी चरित्रं आहेत. एका वेळी एक वाचून मराठीत सांगता येतं. फक्त झेंड्याचा इतिहास हवा असेल तर के. व्ही. सिंग यांचं ‘अवर नॅशनल फ्लॅग’ आहे, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेलं. ते संदर्भासाठी जवळ ठेवावं, सलग वाचायचा आग्रह नको.

मोठ्यांना खोलात जायचं असेल तर अरुंधती विरमानी यांचं ‘अ नॅशनल फ्लॅग फॉर इंडिया’ आणि सदन झा यांचं झेंड्याकडे पाहण्याच्या राजकारणावरचं पुस्तक आहे. दोन्ही अभ्यासकांची पुस्तकं, थोडी जड. नागपूरच्या सत्याग्रहासाठी राजमोहन गांधी यांचं पटेलांचं चरित्र आणि बी. आर. नंदा यांचं जमनालाल बजाज यांचं चरित्र जास्त कामाचं.

आणि मराठीत? इथे ‘तिरंगा’ हा शब्द कव्हरवर शोधत बसण्यापेक्षा वेगळा रस्ता घ्यावा. विनोबांची चरित्रं, १९४२ वरची स्थानिक पुस्तकं, हुतात्म्यांवरच्या पुस्तिका यांत झेंडा पानोपानी येतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. त्यातले ऑगस्टचे अंक चाळा. आजीने लहानपणी वाचलेला अंक नातीने मोबाइलवर वाचावा, यासारखी मजा दुसरी नाही. मराठी विश्वकोशही फुकट आहे.

फॉरवर्ड आला, तर आधी हे तपासा

‘तिरंगा पिंगली वेंकय्यांनी बनवला.’ हे पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही. १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, त्यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाचा आराखडा दिला. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराज यांची, तर पांढरा पट्टा गांधीजींनी सुचवला. १९३१ मध्ये काँग्रेसने रंग बदलले आणि केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम आला. १९४७ मध्ये चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. म्हणजे आजचा झेंडा एका माणसाने एका रात्रीत काढलेला नाही. पंचवीस-तीस वर्षं तो घडत होता.

‘केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा.’ हा फॉरवर्ड तर दरवर्षी येतो. १९२१ मध्ये गांधीजींनी रंगांचा अर्थ असा धर्मांशी जोडला होता, हे खरं आहे. पण त्यावर इतका वाद झाला की १९३१ च्या ठरावात रंगांना धार्मिक अर्थ नाही असं स्पष्ट करण्यात आलं. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. त्यामुळे ९० वर्षांपूर्वी बाद झालेला अर्थ आज कोणी पाठवत असेल, तर मुलांसमोरच तो दुरुस्त करावा.

‘नेहरूंनी १५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला.’ लाल किल्ल्यावर फडकवला तो १६ ऑगस्टला.

‘मॅडम कामांचा झेंडा म्हणजे पहिला तिरंगा.’ भिकाजी कामा मुंबईच्या. त्यांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टला भारताचा झेंडा उभारला, त्यात तीन पट्टे होते, पण तो आपल्या राष्ट्रध्वजाचा थेट पूर्वज म्हणता येत नाही. तो झेंडा इंदुलाल याज्ञिक यांनी पुढे भारतात आणला आणि पुण्यात केसरीवाड्यात तो जपून ठेवलाय. पुण्याला शिकणारं कोणी घरात असेल तर त्याला फोटो पाठवायला सांगा.

झेंड्याभोवती दंतकथा तयार होणं हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत पहिला झेंडा बेट्सी रॉस नावाच्या बाईंनी शिवला, असं कित्येक मुलांच्या पुस्तकांत असतं. प्रत्यक्षात ही गोष्ट त्यांच्या नातवाने १८७० मध्ये, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी सांगितली आणि त्या काळातला पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. तरी गोष्ट चालूच आहे. सुंदर असलेली गोष्ट मरत नाही, मग ती खरी असो की नसो.

२२ जुलै १९४७ चं कामकाज वाचा, खरंच वाचा

घरात कॉलेजात जाणारं कोणी असेल तर त्यांच्यासाठी सगळ्यात चांगलं वाचन म्हणजे घटना समितीचं २२ जुलै १९४७ चं कामकाज. याच दिवशी राष्ट्रध्वज ठरला. इंग्रजी कामकाज ऑनलाइन मोफत आहे आणि एका संध्याकाळी वाचून होतं.

नेहरूंनी ठराव मांडला आणि सभागृहात दोन झेंडे दाखवले, एक रेशमी खादीचा, एक सुती खादीचा. आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावं अशी दुरुस्ती सुचवली होती. झेंडा प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनी तिचा आग्रह धरला नाही. राधाकृष्णन बोलले, जयपालसिंग मुंडा आदिवासींच्या वतीने बोलले, शेवटी सरोजिनी नायडू बोलल्या. घरात चार माणसं असतील तर प्रत्येकाने एकेकाचं भाषण वाटून घ्यावं आणि मोठ्याने वाचावं. नाटकाच्या तालमीसारखं होतं.

घरावर झेंडा लावण्याचा हक्कही सहज मिळालेला नाही

आजच्या मुलांना वाटतं झेंडा घरावर कधीही लावता येत होता. तसं नव्हतं. २००२ पर्यंत सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडून झेंडा लावायला परवानगी नव्हती.

ही गोष्ट सांगायला वरठी फार योग्य गाव आहे. वरठी म्हटलं की लोकांना सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आठवतो. याच हावडा-मुंबई लोहमार्गावर पूर्वेला गेलं की छत्तीसगडमधलं रायगड लागतं. तिथल्या आपल्या पोलाद कारखान्यावर उद्योजक नवीन जिंदल यांनी तिरंगा लावला आणि अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. जिंदल कोर्टात गेले. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिकांना वर्षभर झेंडा लावायची मुभा मिळाली. मग २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे.

म्हणजे १९२३ मध्ये परक्या सरकारशी भांडून जो झेंडा रस्त्यावर आला, तो घराच्या गच्चीवर यायला आपल्याच सरकारशी कोर्टात भांडावं लागलं. ही दुसरी गोष्ट पुस्तकांत फारशी येत नाही. यायला हवी.

ध्वजसंहिता कंटाळवाणी नाही

शेवटचं वाचन ध्वजसंहितेचं. सरकारी कागद म्हटलं की लोक पळतात, पण मुलांना यात मजा येते, कारण यात मोजमाप आहे. लांबी आणि रुंदीचं प्रमाण ३:२. ठरलेली नऊ मापं, सगळ्यात मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १०० मिलिमीटर, ते टेबलावर ठेवायच्या झेंड्याचं. चक्राला २४ आरे. पट्टी घ्या आणि घरातला झेंडा मोजा. बाजारातून आणलेले बरेच झेंडे या मापात बसत नाहीत, ते मुलंच शोधून काढतील. भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक एकचं मानकही राष्ट्रध्वजाचंच आहे. आणि महाराष्ट्रात झेंडे कुठे बनतात असं कोणी विचारलं तर उत्तर आहे नांदेड, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती.

संहिता बदलतही राहते. ३० डिसेंबर २०२१ च्या बदलाने पॉलिस्टरचा आणि मशीनवर बनवलेला झेंडाही चालू लागला. त्यावर खादीवाले नाराज झाले. खादीशिवाय तिरंगा कसा, यावर घरात वाद घालायला हरकत नाही. जुलै २०२२ पासून नागरिकांना घरावर झेंडा रात्रीही ठेवता येतो. पूर्वी सूर्यास्ताला उतरवावा लागायचा, त्यामुळे आजोबा आणि नातू यावरून भांडत असतील तर दोघंही आपापल्या काळाप्रमाणे बरोबर आहेत.

भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. फाटलेला, विटलेला झेंडा लावायचा नाही. झेंड्यावर काही लिहायचं नाही. १९७१ च्या कायद्याखाली झेंड्याच्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि १६ ऑगस्टच्या सकाळी, जेव्हा कागदी झेंडे रस्त्याच्या कडेला पडलेले दिसतात, तेव्हा संहितेतला हा एक भाग घरात वाचून दाखवा. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकायचे नाहीत. ते गोळा करायचे आणि चारचौघांत नाही, तर खासगीत, सन्मान राखून त्यांची विल्हेवाट लावायची. कापडी झेंडा खराब झाला असेल तर तोही तसाच, पूर्णपणे नष्ट करायचा. जाळून किंवा मान राहील अशा दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने. पोतं घेऊन निघायला चार मुलं पुरतात.